नजरगहाण

आमच्या भागात दर दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बँकेचं नाव रंगवलेलं असतं. शेजारी ‘आईचा आशीर्वाद’, खाली लिंबू-मिरची. लिंबू-मिरची लोकांची नजर लागू नये म्हणून; बँकेची तर कायदेशीरच लागलेली. अशा कर्जाला जुन्या दस्तांत नेमका शब्द आहे: नजरगहाण. वस्तू कर्जदाराच्या दारात, वापर त्याचा, डिझेल त्याचं; धनकोकडे नुसती नजर. हप्ते थकले की मग हात.

म्हाताऱ्या माणसांना मात्र गहाण म्हटलं की ताबेगहाणच आठवतं. वावर सावकाराकडे, कापूस त्यानंच वेचायचा, तो व्याजात वळता, आणि मुद्दल जिथल्या तिथं. त्याहून बेरकी मुदतखरेदी. कागद खरेदीचा, बोली मात्र मुदतीत पैसे फेडले की वावर परत देण्याची. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं कलम ५८ मध्ये जमीनजुमल्याच्या गहाणाचे हे प्रकार ओळीनं बसवले. १९२९ साली त्यात भर पडली, की परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर ते गहाण धरायचंच नाही. आता सावकाराच्या ओसरीवर तोंडी बोली करून अंगठा देणाऱ्याला हे कोण सांगणार होतं?

याज्ञवल्क्यस्मृतीत गहाणाला ‘आधि’ म्हटलंय. नुसता जपून ठेवायचा तो गोप्य, उपभोगायचा तो भोग्य. गोप्य आधि सावकारानं वापरला तर त्याचं व्याज बुडालं. म्हणजे कोणाची गहाणाची पोत सावकारीणबाईंनी लग्नात मिरवली, की ऋणकोचं व्याज माफ! स्मृतींतलं सगळंच काही मला पटत नाही, पण हे कलम बेहद्द आवडतं. गावातल्या बायकांच्या नजरेतून दागिना सुटत नाही, त्यामुळे साक्षीदारांचीही ददात नाही.

नजरगहाणाची नजर उतरवायला मात्र कागद लागतो. सातबाऱ्यावरचा बोजा काढायला बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे, ट्रॅक्टरचा काढायला फॉर्म ३५ घेऊन आरटीओत. “पैसे त फेडले, आता काहून जाऊ?” म्हणत लोक दाखला ट्रंकेत टाकतात. पुढे ट्रॅक्टर विकायला काढला, की आरसी बुकावर बँक तशीच बसलेली दिसते. जुना दाखला चालत नाही, नवा आणायला जावं तर शाखा दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली, आणि गिऱ्हाईक विसार परत मागतंय.