बॅटरीला उगाच बोल

एप्रिलची भर दुपार, लाईट गेलेली, आणि वीस मिनिटांतच जिन्याखालचा इन्व्हर्टर पीप-पीप करायला लागतो. घरातलं कोणीतरी लगेच निकाल देतं : बॅटरी गेली! 150 एएचची (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर जातीची बॅटरी म्हणजे पाच आकडी खर्च. तरी आधी टर्मिनलकडे, म्हणजे वायर जोडलेल्या टोकांकडे, बघायला कुणी वाकत नाही.

तिथे पांढरट-हिरवट पावडर साचलेली असते. सहाशे वॅटच्या लोडला बारा व्होल्टची बॅटरी पन्नास-साठ अँपियर देते. एवढ्या करंटला ढिल्या लगमधला (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीतला) 0.02 ओहमचा अडथळाही व्होल्टभर गिळतो. बॅटरी बिचारी 11.6 देत असते, इन्व्हर्टरला दिसतात जेमतेम साडेदहा, आणि तो रीतसर बंद पडतो.

मल्टिमीटर डीसीवर ठेवायचा, पंखे-दिवे चालू. एक पिन थेट शिशाच्या पोस्टवर, दुसरी त्यावरच्या लगवर. व्होल्टच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे 0.1 पेक्षा, जास्त दिसलं की चोर सापडला. मग मेनचा प्लग काढून इन्व्हर्टर बंद, आणि आधी काळी वायर सोडायची. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशनं घासायचं. सेलची झाकणं मात्र घट्ट हवीत, सोडा आत गेला तर ॲसिडच मारतो. पोस्ट कोरडी करून, पॉलिश पेपर मारून लग आवळायचा. पेट्रोलियम जेली त्यानंतर, वरून. काळी वायर सगळ्यात शेवटी.

एवढं करूनही रडगाणं चालूच असेल तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर. पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलरचे सहाही सेल 1.240च्या आसपास दाखवतात. पाच ठीक आणि एकच 1.120वर अडकलेला असेल तर तो सेल गेला, पाणी घालून उठत नाही. सगळेच सारखे खाली असतील तर दोष चार्जिंगचा : लाईट असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 मिळायला हवेत. 12.8च्या पुढे काटा सरकतच नसेल तर बॅटरीवाल्याला नव्हे, इन्व्हर्टरवाल्याला बोलवावं.

पाण्याचा आणखी एक ताप. एसीच्या नळीचं पाणी बाटलीत साठवून बॅटरीत ओतणारी घरं कमी नाहीत. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू दोन्ही येतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काही महाग नसतो हो! ॲसिड तर कधीच घालायचं नाही; उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत बॅटरी रोज उतरायची, रोज चढायची, त्यामुळे पाण्याची आठवणही राहायची. आता लाईट क्वचित जाते आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटचा हिरवा कधी लाल झाला ते कळतच नाही.

हे सगळं ठीक निघालं आणि बॅकअप तरीही अर्धाच, तर लोड मोजावा. बहुतेकदा फ्रीजचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर सापडतो. तो तिथे कुणी लावला, हे मात्र घरात कुणालाच माहीत नसतं.