सुलट-उलट जमलं, आता टोपी

मी सुयांवर विणायला शिकतोय. मागच्या नोंदीत नुसते चौकोन होते, आता एक गळपट्टा झाला आहे. साधारण 20 सेंटिमीटर रुंद, गळ्याभोवती दोन वेढे बसतील इतका लांब. पुण्यातल्या डिसेंबरला तेवढा पुरतो. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्याआधी जे तुकडे विणले आणि उसवले, त्यांतून बरंच कळलं. ते लिहितो, कारण नव्याने सुया हातात घेणाऱ्यांना तेच कामाला येईल.

सामान 8 नंबरच्या सुया आणि फिकट पिवळी ॲक्रिलिक लोकर, इतकंच. रंग मुद्दाम फिकट घेतला. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत, आणि केसाळ लोकर उसवायला गेलं की स्वतःतच गुंतते. सुयांच्या नंबरांचा घोळ मात्र आधीच समजून घ्या. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर उलट्या दिशेने चढतात, त्यांची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटर जाड असते. व्हिडिओ बघून खरेदीला जाणार असाल तर दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. ॲल्युमिनियमच्या सुयांवरून टाके सरसर घसरतात, बांबूच्या सुया ते धरून ठेवतात. वेग नंतर येतोच, म्हणून शिकताना बांबूच, या मताला मी चिकटून आहे.

सुईवर पहिले टाके घालायला अंगठ्यावर फास घेण्याची पद्धत बरी वाटली. सुरुवातीला मोकळं सोडायचं टोक किती ठेवायचं, तर तुकड्याच्या रुंदीच्या तीन-चार पट. कंजुषी नको. उरलेलं टोक शेवटी कडेत ओवता येतं, कमी पडलं तर सगळं काढून पुन्हा घालावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला मी ‘दोन सुलट, दोन उलट’ असं पुटपुटत विणायचो. फोन वाजला की कुठे होतो ते गेलं. शेजारच्या काकूंनी आजवर सोसायटीतल्या कितीतरी बाळांची टोपडी-मोजे विणलेत. त्या म्हणाल्या, “अरे, मोजतोस काय? सुईखाली बघ ना. पुढचा टाका कुठला ते वीणच सांगते.”

आणि खरंच सांगते. सुलट टाका समोरून इंग्रजी व्हीसारखा दिसतो. उलट टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ असते. दोन्ही एकच टाका आहे, एकदा पुढून बघितलेला आणि एकदा मागून. एवढं डोळ्यांत बसलं की दोन-दोनच्या बॉर्डरमध्ये, म्हणजे दोन सुलट-दोन उलट अशा पट्ट्यांच्या विणीत, मोजायला काही उरत नाही. व्ही दिसला की दोरा मागे ठेवून सुलट, गाठ दिसली की दोरा पुढे आणून उलट. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर आडव्या वरंब्या उठतात, त्यातली एक वरंबी म्हणजे दोन ओळी. मग ओळी तरी कशाला मोजायच्या, वरंब्या मोजून दुप्पट करा.

दोरा मागे-पुढे करताना तो दोन सुयांच्या मधून गेला पाहिजे. सुईवरून गेला तर एक जास्तीचा टाका तयार होतो आणि खाली भोक पडतं. जाळीच्या विणीत हेच भोक मुद्दाम पाडतात आणि शेजारचे दोन टाके एकत्र विणून हिशोब जुळवतात. कडेला टाके वाढत असतील तरी दोराच तपासा. ओळ सुरू करताना तो सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्याच टाक्याचे दोन्ही पाय, म्हणजे फासाच्या दोन बाजू, वर येतात आणि ते दोन टाके वाटतात.

एक सराव सगळ्यांनी करावा असा आहे: टाका मुद्दाम पाडायचा. सुईवरून एक सुलट टाका काढा आणि पाच-सहा ओळी खाली उसवू द्या. शिडी तयार होते. मग क्रोशाची सुई खालच्या फासात घालून शिडीची सगळ्यात खालची पायरी त्यातून ओढून घ्या, मग तिच्या वरची, असं वरपर्यंत. उलट टाका पडला असेल तर काम फिरवा, मागून तो सुलटच आहे. सुईवर परत चढवताना उजवा पाय सुईच्या पुढे हवा, नाहीतर टाका पिळलेला राहतो. हे जमल्यावर भीती जाते आणि हातही सैल पडतो.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी सपाट वीण विणली की ती गुंडाळते. उभ्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे. तुमचा हात वाईट नाही, त्या विणीचा स्वभावच तो. पुढच्या बाजूचा ताण आणि मागच्या बाजूचा ताण सारखा नसतो. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवून ती सपाट करायला जाऊ नका, लोकरीची जानच जाते. बॉर्डरच्या विणीत सुलट-उलट शेजारी-शेजारी असल्याने दोन्हीकडचे ताण एकमेकांना सांभाळतात, म्हणून गळपट्टा त्याच विणीत केला. दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो हा वरचा फायदा.

मापासाठी आधी नमुना विणला. या जाडीच्या लोकरीला 4 मिलिमीटरच्या सुईवर सपाट विणीत 10 सेंटिमीटरला 22 टाके, हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे 20 सेंटिमीटरला 44. पण बॉर्डरची वीण आकसते, म्हणून 54 घातले. चाराच्या पटीत दोन जास्त, म्हणजे एका बाजूने ओळ दोन सुलटने सुरू होऊन दोन सुलटनेच संपते आणि दोन्ही कडा सारख्या दिसतात. शेवटी टाके बंद करताना उजव्या हातात जराशी जाड, 7 नंबरची सुई घेतली, त्याने शेवटची कड आवळली नाही.

पुढे टोपी. गोल विणताना काम फिरवायचंच नसतं, त्यामुळे नुसतं सुलट विणत गेलं तरी सपाट वीण मिळते. 40 सेंटिमीटरची गोल सुई (दोन टोकं लवचिक दोरीने जोडलेली) आणली आहे, पण शेंड्याकडे टाके कमी होत गेले की ती पुरणार नाही, तिथे मोज्यांच्या दुटोकी सुया लागतील. तुमच्यापैकी कोणी पहिली टोपी थेट दुटोकी सुयांवरच केली असेल तर सांगा, सुयांच्या जोडावर टाके सैल पडू नयेत म्हणून काय करता?