काशाची वाटी आणि झोपेआधीचा अर्धा तास

कात्रजहून हिंजवडीला रोज येजा करणारा माणूस रात्री घरी पोचतो तेव्हा अंग थकलेलं असतं, पण डोकं अजून गाडीच चालवत असतं. अशा वेळी तळपायाला काशाच्या वाटीने तूप किंवा तेल लावण्याइतका साधा आणि चांगला उपाय क्वचितच सापडेल.

वाटी नीट बघून घ्या. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत भांड्यांच्या दुकानात मागताना ती बोटाच्या टिचकीने वाजवून बघा. कासं म्हणजे तांबं आणि कथील, त्याचा नाद बराच वेळ घुमतो. पितळेची वाटी जास्त पिवळी दिसते आणि तिचा आवाज लवकर विरतो. बूड गोल हवं आणि गुळगुळीत हवं. सपाट बुडाची वाटी तळपायाच्या खोलगट भागाला टेकतच नाही.

पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. थंडीत तिळाचं तेल, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात साजूक तूप किंवा खोबरेल. दोन्ही पायांना मिळून एक लहान चमचा पुरतो. आधी हाताने पसरा, मग वाटीचं बूड टाचेपासून चवड्यापर्यंत गोल गोल फिरवत न्या. एका पायाला पाच मिनिटं. वाटी अडखळायला लागली तर तेल कमी पडलंय, हातातून निसटायला लागली तर जास्त झालंय. घोट्याच्या हाडावर आणि नडगीवर वाटी दाबू नका.

थोड्या वेळाने तेल काळं पडतं. "अंगातली उष्णता निघाली" असं घरोघरी म्हणतात, पण ते खरं नाही. वाटीतलं तांबं आणि तेला-घामातली आम्लं यांच्यामुळे तो रंग येतो. बेसन लावून कोमट पाण्याने धुतलं की जातो. कमी काळं झालं म्हणून जास्त वेळ घासत बसू नका, त्वचा सोलवटते. गुण येतो तो वेगळ्या कारणाने. पाय ऊबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप यायला मदत होते. म्हणून नंतर जुने सुती मोजे घाला. तेलकट पायांनी शहाबादी फरशीवर चालणं हा तर पडण्याचा हमखास मार्ग!

मग दिवा मालवून पाच मिनिटं श्वास. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. श्वास रोखून धरायचा नाही. गरगरलं तर तुम्ही जोर लावताय, सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

एवढं करूनही झोप लागत नसेल तर आधी चहाची वेळ तपासा. कॅफीन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला अमृततुल्यमध्ये घेतलेला कप अकरा वाजता अर्धा शिल्लक असतो. शेवटचा चहा चारच्या आत उरका.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, जखम किंवा भेग उघडी असेल, तर वाटी वापरू नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तेल-मालिश अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वाटी चिंचेने घासून, लगेच पुसून ठेवा. ओट्यावरून खाली पडू देऊ नका, कासं ठिसूळ असतं, तडकतं.