डोस उतरताना

आधी खांदे गेले. वेणी घालायला हात वर जाईना, ब्लाउजचे हुक लावायला यांना हाक मारावी लागे. पलंगावरून उठायचं तर कूस बदलायची, कोपरावर भार द्यायचा, मग पाय खाली सोडायचे. एका डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून शेक दिला. पण फ्रोझन शोल्डर मांड्यांत कसा उतरेल?

शेवटी कर्वे रोडवरच्या एका संधिवाततज्ज्ञांनी ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघून नाव सांगितलं: पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. हा आजार पन्नाशीनंतर होतो, बायकांत जास्त. सांधे झिजत नाहीत, पण खांद्याकमरेभोवती सूज येते आणि सकाळी अंगाचं लाकूड होतं. औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, रोज 15 मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर एकदाच. दोन-तीन दिवसांत मी माळ्यावरचा डबा स्वतः काढला. यांनी डोळे विस्फारले. इतका चटकन फरक पडणं हीच निदानाची एक खूण, असं डॉक्टर म्हणाले.

खरं काम पुढेच होतं. गोळी सुरू करणं सोपं, उतरवणं कठीण. दहापर्यंत भराभर खाली आले. मग एक दिवस दहा, एक दिवस साडेसात, असं आलटून पालटून. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी डोसही लिहायला लागले. नाहीतर आजचा दिवस दहाचा की साडेसातचा, कोण लक्षात ठेवणार?

दर पायरीला दुखणं परत यायचं, आणि प्रश्न तोच: आजार उसळला की शरीर डोससाठी कुरकुरतंय? मला कळलेला फरक असा. डोस उतरल्यावर एक-दोन दिवसांतच सगळं अंग मोडून आल्यासारखं झालं, थकवा आला आणि हळूहळू ओसरला, तर ती कुरकुर. खांदे नि कंबर सकाळी तासभर सुटेनात आणि दिवसेंदिवस वाढतच गेलं, तर आजार. शेवटी कौल रक्ताच्या रिपोर्टचा आणि डॉक्टरांचा. एकदा खरंच उसळला. डॉक्टर म्हणाले, "काकू, आधीच्या डोसवर जाऊ, मग पुन्हा सावकाश." मला रडू आलं होतं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. उतरताना असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे.

सल्लागारांना तोटा नव्हता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "स्टिरॉइड? अहो, किडन्या जातात! आमच्या गावच्या वैद्यांच्या पुड्या घ्या." अशा बिननावाच्या पुड्यांत कितीदा स्टिरॉइडच मिसळलेलं सापडतं, फक्त किती ते कुणालाच ठाऊक नसतं. मी "बघते" म्हणून चहा ठेवला.

त्रास नाही असं नाही. चेहरा गोल झाला, रात्री झोप नाही आणि भूक अशी की आंबाबर्फीचा डबा लपवावा लागला. उपाशीपोटीची साखर चांगली येई, म्हणून मी निश्चिंत होते. दुपारच्या जेवणानंतरची तपासली तर 200 च्या वर! सकाळच्या गोळीने साखर दुपारनंतर चढते. म्हणून आता तीच मोजते. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. आणि एक ताकीद मिळाली आहे: कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा दिसण्यात फरक, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. या आजारासोबत कधीकधी डोक्याच्या रक्तवाहिन्यांनाही सूज येते, आणि तिने नजर जाऊ शकते.

सध्या पाचवर आहे. शरीर स्वतः रोज साधारण एवढ्याच तोडीचं कॉर्टिसॉल, म्हणजे त्याचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतं, पण बाहेरून मिळत राहिल्यावर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुस्तावतात. म्हणून गोळी एकदम सोडायची नाही, तापात तर नाहीच. आता एक दाढ काढायची आहे. दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं, त्यांनी तिथूनच माझ्या डॉक्टरांना फोन लावला. त्या दिवशी किती घ्यायची ते दोघांनी ठरवलंय. दाढ पुढच्या आठवड्यात.