शिखर परिषदेत मित्रराष्ट्रांचं घोडं कुठे अडतं?

नाटो या लष्करी आघाडीमध्ये मतदान होत नाही. 32 देशांपैकी एकाची जरी हरकत असली तरी मसुदा पुढे सरकत नाही. म्हणून तिथे एक पद्धत रुळली आहे. मसुदा सगळ्या राजधान्यांना पाठवायचा, सोबत मुदत द्यायची, आणि तोवर कुणी हरकत नोंदवली नाही तर तो मंजूर समजायचा. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. नाराज देशाला उघड ‘हो’ म्हणावं लागत नाही, गप्प राहिलं तरी पुरतं. उलट ज्याला अडवायचं आहे, त्याला स्वतःच्या नावाने पुढे यावं लागतं.

नेते येण्याआधी बहुतेक मजकूर ठरलेला असतो. राजदूत आणि जी-7 मध्ये ज्यांना शेर्पा म्हणतात ते प्रतिनिधी आठवडेच्या आठवडे मसुद्यावर बसतात. वादाचे शब्द चौकोनी कंसात ठेवतात आणि एकेक कंस सोडवत जातात. नेत्यांपुढे दोन-तीनच कंस उरले तर परिषद निभावते. वीस उरले तर तांत्रिक तपशिलावर पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष भांडत बसतात, आणि त्यांच्याकडे ना तेवढा वेळ असतो ना तेवढी माहिती.

या कंसांवर तडजोड कशी होते हे समजून घ्यायचं तर जुलै 2020 ची युरोपियन युनियनची ब्रसेल्स परिषद बघावी. 17 तारखेला सुरू झालेली बैठक 21 च्या पहाटे संपली. विषय कोरोनानंतरच्या 750 अब्ज युरोच्या निधीचा. युरोपियन आयोगाचा, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाचा, प्रस्ताव होता 500 अब्ज अनुदान आणि 250 अब्ज कर्ज. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वीडन यांना अनुदान नको होतं. इटली आणि स्पेनला तेच हवं होतं. वरवर हा एकाच आकड्याचा वाद दिसतो. प्रत्यक्षात त्यात तीन वाद होते: अनुदान किती, पैशावर देखरेख कुणाची, आणि देणाऱ्या देशांच्या पदरात काय.

परिषदेचे अध्यक्ष शार्ल मिशेल यांनी हे तीन धागे वेगळे केले, हीच खरी करामत. एकूण आकड्याला हात लावला नाही. आतली वाटणी 390 अब्ज अनुदान आणि 360 अब्ज कर्ज अशी झाली. डच पंतप्रधान मार्क रुट यांना प्रत्येक हप्त्यावर नकाराधिकार हवा होता. तो मिळाला नाही, पण शंका असेल तर कोणताही देश विषय नेत्यांच्या पुढच्या बैठकीत नेऊ शकेल, आणि त्यासाठी साधारण तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असं ठरलं. शिवाय या चार देशांना युनियनच्या अर्थसंकल्पात भराव्या लागणाऱ्या वर्गणीतली सवलत वाढली. किंमत मात्र त्या खोलीत ज्यांचा वकील नव्हता त्यांनी मोजली: आरोग्य, संशोधन आणि कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांसाठी ठेवलेल्या रकमा कापल्या गेल्या. रात्री उशिरा पैसे कमी पडू लागले की कात्री नेहमी अशाच ठिकाणी चालते. त्या रकमा वाचवायच्या असतील तर परिषदेआधीच एखाद्या देशाला त्यांचा कैवारी करून ठेवावं लागतं.

कधी वाद आकड्याचा नसून भूमिकेचा असतो. 14 डिसेंबर 2023 ला युक्रेनशी युरोपियन युनियनमधल्या प्रवेशाची बोलणी सुरू करायला हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांचा विरोध होता. जर्मनीचे चान्सलर शोल्त्स यांनी सुचवलं आणि ऑर्बान खोलीबाहेर गेले. उरलेल्या 26 जणांनी निर्णय घेतला. ऑर्बानना ‘मी हो म्हटलं नाही’ असं मायदेशी सांगता आलं. पण त्याच रात्री त्यांनी युक्रेनचं 50 अब्ज युरोचं साहाय्य अडवलं, आणि ते 1 फेब्रुवारी 2024 ला वर्षाकाठी चर्चेची अट घालून मंजूर झालं. पैशाच्या वादात खोलीबाहेर जाऊन भागत नाही.

सगळ्यात घातक तडजोड म्हणजे वाद न मिटवता मुख्य वाक्यातच झाकून टाकणं. एप्रिल 2008 मध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाचा कृती आराखडा, म्हणजे प्रवेशाच्या तयारीचा कार्यक्रम, द्यायला उत्सुक होते. जर्मनीच्या मर्केल आणि फ्रान्सचे सार्कोझी तयार नव्हते. आराखडा दिला नाही, पण ‘हे देश नाटोचे सदस्य होतील’ असं लिहून टाकलं, तेही तारखेशिवाय. त्यातून मॉस्कोला राग यायचा तो आलाच, आणि युक्रेन व जॉर्जियाला संरक्षण काही मिळालं नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झालं. युद्धाची कारणं अनेक होती, पण ते वाक्य माझ्या मते नाटोची मोठी चूक होती. सदस्यत्वाचा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं भिजत पडला.

जून 2025 च्या नाटोच्या हेग परिषदेत 2035 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 5 टक्के खर्चाचं ठरलं. त्यातही धागे वेगळे केलेले दिसतात: 3.5 टक्के थेट संरक्षणावर आणि 1.5 टक्क्यांपर्यंत पायाभूत सुविधा, सायबर सुरक्षा वगैरेंवर. स्पेनने मात्र आपल्याला 2.1 टक्के पुरेत असं सांगूनच संमती दिली. म्हणजे इथेही थोडं झाकलेलं आहेच. फरक इतकाच, की या मजकुरात 2029 मध्ये आढावा घ्यायचं लिहून ठेवलं आहे, त्यामुळे हा वाद कधी उघडायचा ते निदान सगळ्यांना माहीत आहे.