दात कोरून पोट भरतंय

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. इंग्लंडात आल्यापासून माझं मात्र त्यावरच भरतंय. घरून फोन आला की हटकून प्रश्न येतो: कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला प्राणी काय खायचा, हे नुसत्या दातावरून कळतं कसं?

पहिला अंदाज आकारावरून. इथल्याच गिडिअन मँटेल या डॉक्टरला काही मोठाले जीवाश्म दात पाला खाणाऱ्या इग्वाना सरड्याच्या दातांसारखे वाटले. 1825मध्ये त्याने त्या प्राण्याचं नावच इग्वानोडॉन ठेवलं आणि तो पालाखाऊ ठरवला. प्लॅकोडस या समुद्री सरीसृपाचे मागचे दात फरशीसारखे सपाट, म्हणजे शिंपले फोडायला. बॅरिओनिक्स या डायनोसॉरचे सुसरीसारखे निमुळते. त्याच्या तर पोटाच्या जागी माशांचे खवलेही सापडले. असा पुरावा मिळायला नशीब लागतं.

कधीकधी तोच पुरावा आपल्याला तोंडावर पाडतो. चीनच्या ग्वेइचौ प्रांतातल्या सुमारे पाच मीटरच्या इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाचे दात बोथट. असल्या दातांनी माखलीसारखं मऊ काहीतरी धरत असेल, असंच कोणीही म्हणालं असतं. पोटात निघालं जवळपास चार मीटरच्या दुसऱ्या सरीसृपाचं धड! हे 2020मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून आम्ही खाण्याने दातावर झालेली झीज बघतो. ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या बोळ्याने दातावर जपणुकीसाठी लावलेलं जुनं वार्निश पुसायचं, मग दंतवैद्य वापरतात तसलं सिलिकॉन त्यावर पसरायचं आणि घट्ट झालं की टोकाकडून हळूच सोलायचं. पहिल्या साच्याबरोबर धूळ निघते, तो टाकून द्यायचा. दुसऱ्यात राळ ओतली की दाताची प्रतिकृती तयार. सूक्ष्मदर्शकाखाली ती खडबडीत दिसली तर कवचं-हाडं, गुळगुळीत दिसली तर मऊ खाणं, असा साधारण हिशेब. बहुतेक सरीसृपांचे दात आयुष्यभर पडून नवे येतात, त्यामुळे त्या दाताच्या वाट्याला आलेली शेवटची काही जेवणंच त्यावर उरतात.

गेल्या महिन्यात एका दातावर मला खोल खळगे दिसले. शिंपलेच, दुसरं काय! दोन दिवस मी हवेत. मग शेजारच्या टेबलावरची सहकारी डोकावली आणि म्हणाली, "सगळे इतके गोल कसे?"

राळ ओतताना अडकलेले बुडबुडे होते ते. दुसऱ्या प्रतिकृतीवर एकही खळगा नाही. सोमवारी पुन्हा बोळा आणि ॲसिटोन.