साभार परत

स्वतःच्याच अक्षरात पत्ता लिहिलेले पाकीट पोस्टमनच्या हातात दिसले, की ते न फोडताच आतला मजकूर कळत असे. नापसंत साहित्य परत हवे असल्यास तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे, असा मासिकांचा नियम होता. म्हणजे नकार घरी आणण्याचा खर्चही लेखकानेच आगाऊ करायचा. जाड पाकीट म्हणजे परत आलेली कथा, हे माझ्या धाकट्या बहिणीलाही ठाऊक होते आणि ती ते सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगे.

आत बहुधा छापील चिठ्ठी असे. तिच्यात कारण नसल्यामुळे ते मीच पुरवीत असे: अक्षर वाईट, ओळख नाही, संपादकांना गावाकडची माणसे कळत नाहीत. यातले तिसरे कारण मला विशेष सोयीचे वाटे.

एकदा मात्र कथेसोबत पेन्सिलीने लिहिलेला अर्धा कागद आला. ‘आजोबा गेल्याचे आपण पाचव्या पानावर सांगता, पण तिसऱ्या पानावर आजी त्यांचा अडकित्ता पानाच्या डब्यातून काढून फडताळात ठेवते, तेव्हाच वाचकाला ते कळले आहे. मधली दोन पाने कोणासाठी?’ मी दोन दिवस धुमसत होतो, कारण त्या दोन पानांतला पाऊस मला फार आवडला होता. तिसऱ्या दिवशी तो काढला. कथा त्या मासिकाने पुढेही घेतली नाही, पण तेव्हापासून लिहिताना माझा अडकित्ता कुठे ठेवला गेला आहे, हे मी आधी पाहतो.

‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी अशाच बारकाईने पत्रव्यवहार करीत. त्याची दुसरी बाजूही आहे: संपादकाची जाण हळूहळू साचा होऊ शकते, आणि 1969 साली प्रस्थापित मासिकांबाहेर स्वतःच छोटे, अनियमित अंक काढणाऱ्या लघुअनियतकालिकांतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तेव्हा त्यांचा राग तिच्या वाङ्मयीन धोरणावरच होता. मला वाटते, ‘इथे कथा अडते’ असे सांगणारे पत्र लेखकाच्या कामाचे. ‘इथे असे लिहा’ म्हणणारे पत्र संपादकाचीच कथा लिहू लागते.

आता ‘तीन महिन्यांत उत्तर न आल्यास साहित्य नापसंत समजावे’ अशी ओळ असते. दिवाळी अंकासाठी येणाऱ्या साहित्याचा ढीग पाहिला, तर संपादकांना दोष देववत नाही. जे छापायचेच नाही, ते दोनदा वाचायला वेळ कोणी काढावा?

परवा ओळखीतल्या एका मुलीने तिची कथा वाचायला दिली. ‘छान आहे’ म्हणायला अर्धे मिनिट पुरले असते. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि कथा नेमकी कुठल्या ओळीला संपते, ते शोधण्यात संध्याकाळ गेली. सातव्या पानावर ती सापडली, तेव्हा चहावर साय धरली होती.